कोल्हापुरात पोलीस ठाणे, कचेरी आणि कोर्ट: पहिल्यांदाच पायरी चढणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यात न्याय मागायला तीन वेगवेगळी दारं आहेत. एक पोलिसांचं, दुसरं महसूल खात्याचं आणि तिसरं न्यायालयाचं. गावाकडून येणारा माणूस या तिन्हींना मिळून ‘कचेरी’ म्हणतो आणि मग चुकीच्या दारात दोन-तीन महिने घालवतो. बांधाचा वाद घेऊन पोलीस ठाण्यात जाणारे, चेक वटला नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणारे आणि कोर्टात चाललेल्या केसबद्दल आमदारांकडे खेटे घालणारे लोक मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. त्यांचा हक्क खरा असतो, पण दार चुकलेलं असतं आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. म्हणून हा लेख. आधी दार ओळखायचं, मग त्या दारातून लेखी कागद घेऊन बाहेर पडायचं, ही दोन कामं जमली तर पुढचा रस्ता बराच सोपा होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. पोलीस राज्याच्या गृह खात्याखाली येतात आणि तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी महसूल खात्याखाली. न्यायाधीश या दोघांच्याही हाताखाली नसतात. जिल्ह्यातल्या सगळ्या न्यायाधीशांवर देखरेख मुंबई उच्च न्यायालयाची असते. त्यामुळे कोर्टातल्या निकालाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येत नाही, आणि पोलीस अधीक्षकही कोणाला ‘जामीन द्या’ असं कोर्टाला सांगू शकत नाहीत. ‘साहेबांशी बोलून ठेवतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पहिली पायरी: वाद कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

मारहाण, चोरी, फसवणूक, विनयभंग, धमकी हे फौजदारी. इथे सुरुवात पोलिसांकडून होते.

हातउसने दिलेले पैसे परत न मिळणं, वाटणी, घराचा ताबा, करार मोडणं हे दिवाणी. इथे वकिलामार्फत कोर्टात दावा लावावा लागतो. पोलीस ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे’ म्हणतात तेव्हा दर वेळी ते टाळाटाळच करत असतात असं नाही. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, खोटी कागदपत्रं दाखवली होती, असं काही असेल तर मात्र तो फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. ती बाब अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर साधी उधारी समजून अर्ज बाजूला पडतो.

चेक वटला नाही तर पोलीस ठाण्यात जाऊन उपयोग नाही. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात तक्रार दाखल करायची. तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातलं कोर्ट चालतं. ‘देतो, देतो’ या शब्दावर विसंबून या मुदती घालवणारे व्यापारी गुजरी-लक्ष्मीपुरीत काही कमी नाहीत.

सातबारा, फेरफार, वहिवाटीचा रस्ता ही महसुली प्रकरणं. फेरफाराची नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी घालतात, मंडळ अधिकारी ती मंजूर किंवा नामंजूर करतात, आणि त्याविरुद्ध अपील प्रांताधिकाऱ्यांकडे जातं. पुढची पायरी जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि त्यावर पुण्याचे विभागीय आयुक्त. शेताकडे जायचा चालू रस्ता कोणी अडवला तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ऊस तोडणीच्या तोंडावर रस्ता अडवला जातो, ‘हंगाम संपू दे, मग बघू’ असं म्हणत लोक थांबतात आणि सहा महिने उलटतात. हद्दीबद्दल शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीचा नकाशा हातात नसताना बांधावर भांडण काढलं तर दिवाणी वादाला फौजदारी शेपूट चिकटते.

आपल्या जिल्ह्यात सहकार रक्तात आहे, म्हणून हेही लिहितो. दूध संस्था, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि त्यांचे सभासद यांच्यातले बरेचसे वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात, साध्या दिवाणी कोर्टात नाही. ठेवी बुडाल्या असतील तर फौजदारी बाजूने १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त करण्याची सोय आहे. ठेवीची मूळ पावती जपा, तिच्या झेरॉक्स करून ठेवा आणि मूळ पावती कुणाच्याही हातात पोहोच घेतल्याशिवाय देऊ नका.

कारखान्यातून काढून टाकलं, पगार थकवला, तर कामगार आणि औद्योगिक न्यायालय. वस्तू किंवा सेवेत फसवलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तिथे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारी चालतात, ५ लाखांपर्यंत काही फी लागत नाही आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊन राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. त्यासाठी आधी घटस्फोटाचा दावा लावायची गरज नाही.

दुसरी पायरी: पोलिसांची उतरंड समजून घ्या

कोल्हापुरात पोलीस आयुक्त नाहीत. पुण्यात किंवा सोलापूर शहरात असतात तसं इथे आयुक्तालय नाही. संपूर्ण जिल्ह्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक असतात आणि त्यांचं कार्यालय कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे. त्यांच्या खाली अपर पोलीस अधीक्षक, मग काही ठाण्यांवर मिळून एक उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो, आणि प्रत्येक ठाण्याला प्रभारी अधिकारी. मोठ्या ठाण्यात तो पोलीस निरीक्षक असतो, लहान ठाण्यात सहायक निरीक्षक. त्यांच्या हाताखाली उपनिरीक्षक म्हणजे फौजदार, सहायक फौजदार, हवालदार आणि शिपाई. अधीक्षकांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण हे पाच जिल्हे त्यांच्याकडे आहेत.

आयुक्तालय नसल्याचा परिणाम सामान्य माणसालाही जाणवतो. शांतता राखण्याच्या हमीपत्राची प्रकरणं, ज्यांना गावात ‘चॅप्टर केस’ म्हणतात, इथे पोलीस स्वतः निकाली काढू शकत नाहीत. ती तहसीलदार किंवा प्रांतांपुढे जातात, कारण ते कार्यकारी दंडाधिकारीही असतात. हद्दपारीचे बरेचसे प्रस्तावही पोलिसांकडून प्रांतांकडे जातात. त्यामुळे अशी नोटीस आली तर ती कोणाच्या सहीने आली आहे ते बघा आणि त्याच कार्यालयात दिलेल्या तारखेला हजर राहा. न्यायसंकुलात जाऊन शोधत बसाल तर तिथे त्या प्रकरणाचा पत्ताही लागणार नाही.

शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि राजारामपुरी ही चार प्रमुख ठाणी. जुना राजवाडा ठाणं भवानी मंडपाला लागून आहे, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या माणसाचं पाकीट गेलं तर तेच जवळ. शहराभोवतीच्या बऱ्याच गावांना करवीर ठाणं लागतं. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांसाठी गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसी, व्यापारपेठेसाठी गांधीनगर. याशिवाय मुख्यालयात स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, आर्थिक गुन्हे शाखा आणि सायबर पोलीस ठाणं असतं.

हद्दीचा मुद्दा मात्र फार ताणू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करायच्या, गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ठाणं ती नोंदवून घेतं आणि मग संबंधित हद्दीत पाठवतं. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगून परत पाठवणं आता कायद्यात बसत नाही.

तिसरी पायरी: ठाण्यात फिर्याद देताना

प्रसंग चालू असेल, मारहाण होत असेल, कोणी दार ठोठावत असेल, तर ठाण्यात चालत जाऊ नका, ११२ ला फोन करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे ‘उद्या बँकेत जाऊन विचारतो’ म्हणत रात्र घालवणं महागात पडतं.

ठाण्यात गेल्यावर समोरच्या टेबलावर बसतात ते ठाणे अंमलदार. त्यांना शांतपणे काय, कधी, कुठे, कोणी, कोणासमोर, या क्रमाने सांगा. घरून एका कागदावर लिहून नेलंत तर उत्तम. रागाच्या भरात वीस वर्षांची भाऊबंदकी सांगायला बसलात तर खरा गुन्हा त्यात हरवतो.

इथे तीन प्रकारचे कागद तयार होऊ शकतात आणि लोकांची फसगत इथेच होते. पहिला प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर. गुन्हा दखलपात्र असेल तर तो नोंदवायचा आणि पोलिसांनी स्वतःहून तपास करायचा. दुसरी अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. शिवीगाळ, किरकोळ झटापट यात मोडते. एनसीनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, म्हणून एनसी घेऊन घरी गेलेला माणूस महिनाभर ‘अजून अटक कशी नाही’ म्हणत बसतो. तिसरा नुसता तक्रार अर्ज, ज्यावर चौकशी चालते. तुमच्या हातात यातलं काय पडलं आहे ते बाहेर पडण्याआधी विचारून घ्या.

एफआयआर असेल तर तो तुम्हाला वाचून दाखवला पाहिजे, मग तुमची सही आणि मग एक प्रत मोफत. नाव, तारीख, वेळ, ठिकाण, गेलेल्या वस्तूंचं वर्णन हे सगळं नीट तपासा. एकदा सही झाल्यावर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे उलटतपासणीत फार जड जातं. फिर्याद ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यामुळे ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर काही प्रकरणांत बरोबर असतं, पण १४ दिवसांपुरतं.

फिर्याद घेतलीच नाही तर? भांडू नका. तोच मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. मात्र अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा त्या अर्जाला जोडावा लागतो. त्या पोस्टाच्या पावतीवाचून अडलेली प्रकरणं मी बघितली आहेत, म्हणून पुन्हा सांगतो: कुठल्याही कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ती पोहोच हीच तुमची साक्षीदार.

तपासाचं काय झालं हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर वहीत लिहून ठेवा. ठाण्यात ‘माझी केस’ म्हणून कोणी ओळखत नाही, नंबरावर ओळखतात.

गावात पोलीस पाटील आणि तंटामुक्त समिती

गावकामगार पोलीस पाटील हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेले असतात. ते गावातली खबर ठाण्यापर्यंत पोचवतात, पंचनाम्याला मदत करतात. एफआयआर नोंदवण्याचा अधिकार त्यांना नाही. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्यांनी बांधाची, घरगुती भांडणं मिटवल्याची चांगली उदाहरणं आपल्या जिल्ह्यात आहेत. पण बलात्कार, बालकांवरचा अत्याचार, जातीवरून झालेला अत्याचार असल्या गोष्टी गावकीत मिटवायच्या नसतात. तसा दबाव आला तर थेट ११२, आणि मुलांच्या बाबतीत १०९८. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो ठराव गावाने केलेला असो की जातपंचायतीने.

चौथी पायरी: पोलिसांनी बोलावलं किंवा धरलं तर

घरातल्या मुलाला उचलून नेलं की सगळं घर सैरभैर होतं. अशा वेळी पुढच्या गोष्टी माहीत असतील तर माणूस तग धरतो.

चौकशीला बोलावताना लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नसते. त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक होत नाही. नोटीस टाळू नका, टाळलीत तर तेच अटकेचं कारण ठरतं. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या जागी जाऊन विचारपूस करावी लागते.

अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू दिलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधीची परवानगी या तिन्ही गोष्टी लागतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं हा राज्यघटनेच्या कलम २२ चा आदेश आहे. रविवार असो की दिवाळी, यात सुट्टी नाही. मारहाण झाली असेल तर ती सांगायची जागा हीच. न्यायदंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असं विचारतात तेव्हा घाबरून ‘नाही’ म्हणू नका.

तिथून आरोपी एक तर पोलीस कोठडीत जातो, म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, किंवा न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात. कोल्हापुरात त्यासाठी बिंदू चौकातलं सबजेल आणि कळंब्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र अर्ज स्वतः करावा लागतो, तारीख मोजून.

जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातच जामीन होतो. अजामीनपात्र असेल तर आधी न्यायदंडाधिकारी, मग सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागता येतो. जामीन मंजूर होऊनही माणूस दोन दिवस आत राहतो, याचं कारण बहुतेक वेळा जामीनदाराची कागदपत्रं. सातबारा किंवा घरफाळ्याची पावती, आधार, फोटो, आणि कोर्टाने मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, हे अर्ज चालू असतानाच तयार ठेवा. कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारा अनोळखी जामीनदार घेऊ नका. त्याची कागदपत्रं खोटी निघाली तर जामीन जातो आणि नवा गुन्हा अंगावर येतो.

पाचवी पायरी: कोणतं कोर्ट, कोणती इमारत

सध्या सगळ्यात जास्त गोंधळ इमारतींचा होतो. जिल्हा न्यायालय आता कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात आहे. सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रोडवर जी जुनी कोर्टाची इमारत आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होती, तिथे आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे त्या न्यायालयाचे न्यायाधीश मुंबईबाहेर येऊन काम चालवतात ते पीठ, बसतं. रिक्षात बसताना नुसतं ‘कोर्ट’ म्हणू नका. समन्सवर न्यायालयाचं नाव छापलेलं असतं, ते वाचून ‘बावडा’ की ‘सीपीआर’ ते सांगा.

खालून वर असं चढत जायचं. तालुक्याच्या पातळीवर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात. बहुतेक ठिकाणी एकच न्यायाधीश दोन्ही कामं बघतात. कागल, आजरा, चंदगड, पेठ वडगाव अशा ठिकाणी ही कोर्टं आहेत. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत आणि मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतात. त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय. एकच न्यायाधीश दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश आणि फौजदारी काम करताना सत्र न्यायाधीश. खून, बलात्कार, दरोडा यांचे खटले इथे चालतात. सत्र न्यायालय फाशीही सुनावू शकतं, पण उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमल होत नाही. इचलकरंजी आणि गडहिंग्लजलाही जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायाधीशांची कोर्टं असल्याने चंदगडच्या माणसाला प्रत्येक अपिलासाठी कोल्हापूर गाठावं लागत नाही.

सर्किट बेंचविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण हा आपल्या शहराच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचं उच्च न्यायालय होतं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि उच्च न्यायालयाचं काम मुंबईला गेलं. त्यानंतर साध्या जामीन अर्जासाठीही पक्षकार रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जायचे, दिवसभर बोर्डाकडे, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीकडे, डोळे लावून बसायचे आणि ‘पुढची तारीख’ ऐकून परत फिरायचे. चंदगड, दोडामार्ग, सांगोला इथल्या गरिबाने काय करायचं, हा प्रश्न घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं आंदोलन केलं. साखळी उपोषणं झाली, मोर्चे निघाले, कामकाजावर बहिष्कार पडले. अखेर १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली बेंचची अधिसूचना निघाली, १७ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १८ तारखेपासून काम सुरू झालं. याच सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे चालतात. आंदोलनातले अनेक ज्येष्ठ वकील तो दिवस बघायला राहिले नाहीत, याची हळहळ कोल्हापूरकरांना आजही वाटते.

पण जवळ आलं म्हणून कोणीही उठून थेट उच्च न्यायालयात दावा लावायचा नसतो. तिथे अपिलं, रिट याचिका, वरच्या पायरीवरचे जामीन अर्ज चालतात. पहिली पायरी बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातच असते. भाषेचाही फरक पडतो. तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठीतून अर्ज, जबाब, युक्तिवाद चालतो. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे खालच्या कोर्टातल्या मराठी कागदांची भाषांतरं करून घ्यावी लागतात. तो खर्च आणि वेळ आधीच धरा.

सहावी पायरी: कोर्टातला पहिला दिवस

प्रत्येक केसला १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट सर्व्हिसेस या मोफत अ‍ॅपमध्ये तो घातला की पुढची तारीख, कोणतं कोर्ट, काय आदेश झाला हे घरबसल्या दिसतं. वकिलांकडून हा नंबर पहिल्याच भेटीत घ्या. तारीख कळावी म्हणून कोणावर अवलंबून राहू नका.

सकाळी लवकर पोहोचा, बोर्डावर आपला क्रमांक बघा आणि कोर्टाच्या दालनाजवळच थांबा. पुकारा होतो तेव्हा चहाला गेलेला पक्षकार गैरहजर धरला जातो. आरोपी गैरहजर राहिला तर वॉरंट निघू शकतं. खरंच येणं शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा लागतो. दालनात मोबाइल बंद ठेवायचा, न्यायाधीश आत आले की उभं राहायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. त्या दिवशी जे घडतं ते रोजनाम्यात लिहिलं जातं.

तुम्ही फिर्यादी असाल तर खटला सरकारच्या नावाने चालतो आणि बाजू सरकारी वकील मांडतात. त्यासाठी तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. साक्षीच्या आधी त्यांना भेटा, तुमचा जुना जबाब वाचून घ्या. साक्षीत आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने तारीख सांगू नका. समोरचे वकील उलटतपासात आवाज चढवतील. उत्तर न्यायाधीशांकडे बघून, सावकाश द्या.

वकील परवडत नसेल तर

इथे मी आग्रहाने सांगतो, कारण हा हक्क असूनही लोक मागत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातूनच चालतं आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे सगळ्या स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांची घरं बुडाली ते शिरोळ-करवीरचे लोकही आपत्तिग्रस्तांत मोडतात, हे कितीजणांना ठाऊक होतं? १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. मोफत मिळालेल्या वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सरकारी कर्मचाऱ्याने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

लोकअदालतीचा पर्यायही ह्याच प्राधिकरणाकडून मिळतो. अपघात नुकसानभरपाई, चेकची प्रकरणं, बँकेची थकबाकी तिथे लवकर मिटतात आणि कोर्ट फी परत मिळते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोडीचा मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय, आणि विशेषतः रक्कम व मुदत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. घाईने सही करून घेणाऱ्याला ‘मला वाचायला दहा मिनिटं द्या’ असं सांगणं तुमचा हक्क आहे.

निकाल लागला, त्या दिवशी

निकाल ऐकून घरी निघून जाऊ नका. त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. फौजदारी शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६०, फाशीची शिक्षा असेल तर ३०. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात, पण मोजणी तुमच्या अर्जाच्या तारखेपासून होते. अर्ज उशिरा केला तर तेवढे दिवस तुमचेच गेले. नकलेच्या शेवटच्या पानावर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. त्या बरोबर लिहिल्या आहेत का, हे खिडकीपासून हलण्याआधी तपासून घ्या.